वर्षाची रेकॉर्ड आणि एक कोरी चिठ्ठी

आमच्या घरात वर्षाला एकच नवी रेकॉर्ड यायची, आणि ती सभा घेऊन ठरायची.

कार्डिफला मी नोकरी करते त्या हॉस्पिटलात डिसेंबरमध्ये कुणी ना कुणी वर्षातले आवडते अल्बम कोणते असा विषय काढतो, तेव्हा मी हे सांगते आणि लोक हसतात. त्यांना सभा म्हणजे चार माणसांच्या गप्पा वाटतात. आमच्याकडे सभा म्हणजे विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, सूचक, अनुमोदक, गुप्त मतदान आणि सगळ्यांत शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. बाबा लंडनच्या विमानतळाजवळच्या हाउन्सलोतल्या आमच्या बौद्ध मंडळींच्या संघटनेचं चिटणीसपद सांभाळत. विमानतळावर विमानांत सामान चढवायचं-उतरवायचं काम करून घरी आले, की जेवून रजिस्टर उघडून बसत. ज्या घरात घटनाकारांचा फोटो भिंतीवर असतो, त्या घरात मतदान हलक्यात घ्यायचं नसतं, असं ते म्हणत. मग विषय विहाराच्या जागेचा असो की पॉप म्युझिकचा.

एकच रेकॉर्ड का, असं ताईने एकदा विचारलं होतं. दोन आणल्या तर एकही नीट ऐकली जात नाही, असं बाबांचं उत्तर होतं. त्यावर वाद घालता आला असता, पण अध्यक्ष तेच होते.

नियम तीन. सुचवलेल्या रेकॉर्डला अनुमोदक पाहिजे, नाहीतर ती बाद. सुचवलेली प्रत्येक रेकॉर्ड प्रत्येकाने आधी दोन्ही बाजूंनी ऐकायची. न ऐकता मत द्यायचं नाही. आणि दुसरा ऐकत असताना सूचकाने खोलीत थांबायचं नाही, कारण तोंडाकडे बघून मत बनतं. हा तिसरा नियम खास माझ्यासाठी केला होता. मी समोर बसून, आता येईल बघा, आता गिटार येईल, असं करायचे.

मतं चारच. बाबा, आई, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई आणि मी. ताई रजिस्टर लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि तिला तसं वाटायचंही. अनुमोदक मात्र कायम आई. बाबांनी सुचवलं, आईचं अनुमोदन. ताईने सुचवलं, आईचं अनुमोदन. मी सुचवलं तरी तेच. म्हणून आईच्या अनुमोदनाला मी काडीची किंमत देत नव्हते. पोळीवरचं तूप ते, सगळ्यांना सारखंच मिळायचं.

माझी तयारी सप्टेंबरपासून चालायची. एक वही होती, तिच्यात त्या वर्षीच्या दहा अल्बमची यादी, आणि ती दर आठवड्याला खाली-वर व्हायची. न्यूजएजंटच्या दुकानात उभ्याउभ्या म्युझिकचे वीकली वाचायचे, तो मालक खाकरेपर्यंत. शनिवारी लायब्ररीतून रेकॉर्ड आणायच्या. तिथे प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरला एक कार्ड असायचं, त्यावर छापलेला गोल, आणि त्या गोलावर आधीच्या लोकांनी पाडलेले ओरखडे पेन्सिलने दाखवलेले. परत करताना लायब्ररीतली बाई रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून नवा ओरखडा शोधायची. मी श्वास रोखून उभी राहायचे. घरी त्या कॅसेटवर उतरवून घ्यायच्या आणि मग वहीत सातव्या नंबरचा चौथा करायचा, चौथ्याचा नववा. मला वाटायचं, हे काम जगात माझ्याइतकं मन लावून कोणी करत नसेल.

आणि तरी मी कधी जिंकले नव्हते. एका वर्षी बाबांची सनई आली, दोन वर्षं ताईची नाचाची रेकॉर्ड. हरण्याचं मला फार वाईट वाटत नव्हतं. मला फक्त बाबांचं मत हवं होतं. ते मंडळात पन्नास माणसांपुढे बोलायचे आणि लोक मान डोलवायचे. त्या माणसाने माझ्या वहीतल्या एक नंबरला एकदा हो म्हणावं, एवढंच.

अठ्ठ्याऐंशी साली मी सोळा वर्षांची होते. त्या वर्षीचा माझा एक नंबर म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या तिघांचा एक बँड. गिटारचा नुसता गलका, आणि त्याच्यामागे एक मुलगी शेजारच्या खोलीत गात असल्यासारखी गात असायची. ताईच्या मते ते केर ओढायचं हूवर मशीन चालू ठेवून गाणं होतं. बाबांनी त्या वर्षी काहीच सुचवलं नाही. यंदा माझी सूचना नाही, एवढंच म्हणाले. दमले असतील, असं मी धरून चालले.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी दुपारी पुढच्या खोलीत सभा झाली. चिठ्ठ्या स्टीलच्या छोट्या डब्यात टाकल्या. ताईने एकेक उघडून वाचली. पहिली माझ्या रेकॉर्डला. दुसरी तिच्या. तिसरी माझ्या. चौथी कोरी.

दोन विरुद्ध एक. मी जिंकले होते. एक मत माझं, एक ताईचं तिलाच. उरली दोन, त्यातलं एक माझ्या बाजूने. मी बाबांकडे बघितलं. ते रजिस्टरकडे बघत होते, आणि मला वाटलं, हसू लपवतायत. कोरी चिठ्ठी कोणाची, हा प्रश्नच नव्हता. मी आईला चिडवलंसुद्धा, की तुला कळलं नव्हतं तर मला विचारायचं ना. भाजी खाली लागेल म्हणून ती किचनमध्ये गेली.

ते वर्ष मी हवेत होते. शाळेत मैत्रिणींना सांगितलं की माझ्या बाबांना हा बँड आवडतो. कुणाच्याच बाबांना आवडत नव्हता. बाबा घरी असले की मी ती रेकॉर्ड मुद्दाम लावायचे. ते पेपर वाचत बसायचे, बंद कर म्हणायचे नाहीत. अजून काय पाहिजे?

आमचं घर विमानांच्या रस्त्यात. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून एक जायचं आणि घरातला बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबायचा. विमान गेलं की वाक्य तिथूनच पुढे. पाहुण्यांना हे विचित्र वाटायचं, आम्हाला कळायचंही नाही. पुढच्या वर्षी, एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात कधीतरी, बाबा थांबेनासे झाले. विमान डोक्यावर आणि ते बोलतायत, ओठ हलताना दिसतायत, शब्द एक नाही. आम्ही हसलो. सवय मोडली वाटतं, असं ताई म्हणाली. टीव्हीचा आवाज मोठा झाला होता, हाक मारली तर नुसतं हं यायचं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण तयार होतं.

मग डिसेंबरचा तो रविवार. सभेला एक आठवडा होता आणि बाबांना माझी त्या वर्षीची रेकॉर्ड ऐकायची होती. मी ती लावली, सुई ठेवली आणि नियमाप्रमाणे बाहेर जाऊन दार लावलं. वीस मिनिटांनी बाजू उलटायला आत आले. खोली शांत होती. सुईची बारीक खरखर तेवढी, कान दिला तर ऐकू येणारी. सकाळी मी हेडफोन लावून बसले होते आणि ते काढायला विसरले होते. सोफ्यामागे पडलेल्या त्या हेडफोनमध्ये सगळं गाणं गेलं होतं, आणि स्पीकर बंद.

बाबा आधी डोळे मिटून ऐकायचे. आता ते डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत होते. सुई शेवटाला आलेली बघून म्हणाले, "हं. दुसरी बाजू लाव."

मी हेडफोनची पिन काढली, रेकॉर्ड उलटली आणि बाहेर आले. जिन्यावर बसले. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा वाईट नाही वाटलं. राग आला. बाबांना ऐकू येत नाही हे कळायला मला एक मिनिट लागलं असेल, आणि दुसऱ्या मिनिटाला मी मागच्या वर्षीच्या मतावर पोचले होते. म्हणजे तेही न ऐकता दिलेलं. लेकीचं मन राखायला दिलेलं. न ऐकता मत नाही, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने मला दयेचं मत दिलं होतं, आणि मी वर्षभर ते मिरवत होते. माझं पित्त खवळलं. त्यांच्या कानांचं काय होणार, कामाचं काय होणार, हे माझ्या मनात आलंच नाही. सोळा-सतराव्या वर्षी माणूस किती आंधळा असतो, हे मी आता हसून सांगते, पण तेव्हाची ती मीच.

आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही. सभेचीच वाट बघत होते, कारण हरकत घ्यायची तर रीतसर घ्यायची, हे बाबांनीच शिकवलं होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. आई नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर मटारच्या शेंगांचं ताट. ताईने मागचं इतिवृत्त वाचलं. दोन मतं, एक मत, एक कोरी चिठ्ठी. बाबांनी विचारलं, इतिवृत्त कायम करावं का?

"पॉइंट ऑफ ऑर्डर," मी म्हणाले. "लास्ट इयरचं वोटिंग व्हॅलिड नाहीये."

बाबांनी हाताने पुन्हा सांग अशी खूण केली. म्हणून मी ओरडले. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडले, आणि ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की शेजाऱ्यांनाही जात असेल. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. लास्ट संडेला रेकॉर्ड सायलेंट होती. हेडफोन लागलेले होते. तुम्ही मागच्या वर्षी न ऐकता मला वोट दिलंत."

ताईने माझा दंड धरला. वरून विमान गेलं आणि आम्ही सगळे थांबलो, बाबाही. या वेळी आमच्या तोंडांकडे बघून थांबले असणार. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कोरी चिठ्ठी माझी होती," ते म्हणाले. "ऐकलंच नव्हतं, तर मत कसं देणार?"

हिशेब सोपा होता. तरी तो मला लागायला वेळ लागला, कारण त्यातल्या एका माणसाला मी कधी मोजलंच नव्हतं. एक मत माझं, एक ताईचं, कोरी चिठ्ठी बाबांची. मी दाराकडे बघितलं. आई शेंगा सोलत होती.

"आई, तू?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिने एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले. "गुप्त मतदान होतं ना," ती म्हणाली.

आई एअरलाइनच्या जेवणाचे ट्रे भरायची. दुपारची शिफ्ट. सकाळी आम्ही गेलो की घर तिचं एकटीचं असायचं, आणि मागच्या वर्षी त्या रिकाम्या घरात माझी लायब्ररीची रेकॉर्ड तिने चारदा ऐकली होती. नियम एकदाचाच होता. हे तिने सगळं साध्या आवाजात सांगितलं. पहिल्यांदा डोकं उठलं, म्हणाली. दुसऱ्यांदा ती मुलगी सापडली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, ज्यात गलका थांबतो आणि ती एकटी उरते, ते तिला आवडलं. ते गाणं मी वहीत लाल पेनाने अधोरेखित केलं होतं. माझ्याशिवाय जगात कुणाला ते दिसलं नसेल, असं मला वाटायचं. तिच्या कामावर आठ तास रेडिओ चालू असतो, हे मला माहीत होतं. ट्रे भरताना ती तो ऐकत असेल, हे कधी मनात आलं नाही. आमच्या घरात सगळ्यांत जास्त गाणी ऐकणारं माणूस मटार सोलत बसलं होतं, आणि मी वर्षानुवर्षं दुसरीकडेच तोंड करून उभी होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला इतकी लाज वाटली की मला रडूही आलं नाही. कळलं नव्हतं तर विचारायचं ना, असं मी तिला म्हणाले होते.

बाबांच्या कानांचंही तिला माहीत होतं. विमानांच्या इंजिनांजवळ वर्षानुवर्षं काम. कानावर घालायला मफ दिलेले होते, पण ते घातले की मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, म्हणून बाबा ते गळ्यातच ठेवायचे. वरच्या साहेबांना कळलं तर बाहेरच्या कामावरून काढतील, या भीतीने त्यांनी आईकडून शब्द घेतला होता. तो तिने पाळला. बाबांनीही न ऐकता मत न देण्याचा आपला शब्द पाळला होता, आणि मी भर सभेत ओरडून सगळ्याचा बोभाटा केला होता.

ताई पेन धरून बसली होती. काय लिहू, असं तिने खुणेनेच विचारलं.

"झालं ते लिही," बाबा म्हणाले. "हरकत नामंजूर. अध्यक्षांना ऐकू येत नाही, याची सभेने नोंद घेतली."

नोंद झाली म्हणजे गोष्ट खरी झाली, अशी त्यांची समजूत होती. जानेवारीत ते स्वतःहून डॉक्टरकडे गेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये कानामागे बसणारं कातडीच्या रंगाचं मशीन आलं. कामावर त्यांना आतल्या बाजूला घेतलं आणि ते काही दिवस घुमे होते, पण निभावलं. मशीन लावून त्यांनी माझा तो गलकेवाला बँड एका रविवारी पूर्ण ऐकला, दोन्ही बाजू, डोळे मिटून. मी जिन्यावर बसले होते. बाहेर येऊन म्हणाले, "ऐकली. नाही आवडली." ज्या मतासाठी मी एवढी वर्षं झुरले, ते शेवटी मिळालं ते असं, आणि गंमत म्हणजे मला ते पुरलं.

पण त्या सभेचा शेवटचा विषय सांगायचा राहिला. हरकत नामंजूर झाल्यावर बाबांनी पत्रिकेवरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ऐनवेळचे विषय. तिथे आमच्याकडे कधी काही नसायचं. मी हात वर केला आणि आईकडे वळून विचारलं, या वर्षी तिला सगळ्यांत काय आवडलं?

तिला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं, आणि तरी ती विचार करत बसली नाही. नाव माहीत नव्हतं. पियानो वाजवणारी एक बाई आहे, जेवणाच्या सुट्टीनंतर लावतात, असं म्हणून तिने दोन ओळी गुणगुणल्या. मी लगेच ओळखलं. तो अल्बम ऑक्टोबरपर्यंत माझ्या यादीत सातवा होता. मग मीच खोडला होता, शेजारी 'किचन म्युझिक' असा शेरा मारून.

"म्हणजे ही सूचना?" बाबांनी विचारलं. आईने आधी ताटाकडे बघितलं आणि मग मान हलवली.

बाबांचा आवाज हल्ली मोठा झाला होता. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "अनुमोदक कोण?"

आणि आम्ही तिघांनीही सवयीने आईकडेच बघितलं.

ती हसली. तिचं तिला देता येत नव्हतं. मग मी म्हणाले, माझं अनुमोदन आहे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताईने त्या रकान्यात आईशिवाय दुसरं काही लिहिलं. ऐकायला आठवडा द्यायचा असं ठरलं, मतदान पुढच्या रविवारी झालं. एक मत ताईच्या रेकॉर्डला, कारण ताई ताईच आहे. एक चिठ्ठी कोरी. ती कोणाची, हे आता सगळ्यांना माहीत होतं. दोन मतं पियानोवाल्या बाईला. माझ्या वहीतल्या एक नंबरला शून्य.

मी अजून दर डिसेंबरला दहांची यादी करते. रेकॉर्ड जाऊन सीडी आल्या, तरी वही आहे. पण यादीला हात लावण्याआधी हाउन्सलोला फोन लावते. आई कामावरच्या रेडिओवर या वर्षी काय चांगलं लागलं ते सांगते, नावं चुकवते, ओळी गुणगुणते, मध्येच विमान आलं की थांबते. मी इकडे कार्डिफला फोन कानाला लावून ते जाईपर्यंत थांबते.